फ्रेमसाठी मानपत्र

एकवीस वर्षांपूर्वी रेणूताईंचं पत्र आलं होतं: 'दादासाहेबांनी माझ्या यजमानांना जिन्यावरून ढकललं, त्यातच ते गेले. तुम्ही पाहिलंत. कोर्टात सांगाल?' ग्रंथपाल मोरेश्वरकाकांना उत्तर लिहायचा धीर झाला नाही. खटला अजून तारखांवरच होता.

आता चार पक्ष फिरून आलेले दादासाहेब अमेरिकेतल्या कॅरी गावच्या मराठी मंडळाचे पाहुणे होते, आणि काका तिथेच मुलाकडे राहत होते.

"काका, मानपत्र तुम्हीच लिहा. केसेसचं नको हं, ओन्ली पॉझिटिव्ह. आणि 'अजातशत्रू' मस्ट आहे!" मंडळाची अध्यक्ष उल्का म्हणाली.

काकांना साहेबांची किळस आली, आणि स्वतःची त्याहून जास्त. जिन्यावर त्या दुपारी पाहिलेलं सगळं त्यांनी मानपत्राच्या सोनेरी काठाच्या कागदावर लिहिलं, खाली सही केली आणि रेणूताईंच्या पत्त्यावर पोस्टात टाकलं.

उल्काला फ्रेमसाठी त्याची झेरॉक्स दिली.