खिशावरची पट्टी

असं समजा, एक इस्त्रीचं दुकान आहे. चार माणसं आत उभी राहिली, की पाचव्याने बाहेरच थांबायचं, एवढंच. एक लांब टेबल, त्यावर जुनी चादर अंथरलेली. टेबलामागे वडील, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर त्यांची दहा वर्षांची मुलगी. सगळे तिला टिकली म्हणतात. तुम्ही दारातच उभे राहा, आत वाफ फार आहे.

टिकलीकडे दोन कामं असत. ड्रायव्हर, वॉचमन, नर्स यांचे गणवेश आले, की खिशावरच्या नावाच्या पट्ट्या काढून ठेवायच्या आणि इस्त्री झाली, की ज्याच्या त्याच्या खिशावर परत लावायच्या. आजवर तिच्या हातून एकही पट्टी इकडची तिकडे झाली नव्हती. दुसरं काम फोनचं. वडिलांचा एक हात ओला, दुसरा इस्त्रीवर. म्हणून फोन तिच्याकडे. मामाचा फोन आला, की बँकेच्या मेसेजमधला सहा आकडी नंबर त्याला वाचून दाखवायचा. बास.

"भावोजी, तुमचं खातं नाहीतरी रिकामंच असतं," असं म्हणून मामाने ते वापरायला मागून घेतलं होतं. लोक मोबाइलवरून सामन्यांवर पैसे लावतात, पण ती कंपनी समुद्रापलीकडे. म्हणून पैसे आधी इथल्या कुणाच्या तरी खात्यात येतात आणि तिथून पुढे जातात. "पैसा तुमच्या दारातून नुसता चालत जाणार," मामा म्हणाला होता. "जाताना पाय पुसून जाईल, ती धूळ आपली." त्या धुळीतूनच नवी विजेची इस्त्री आली होती. वडिलांनी पुढे काही विचारलं नाही.

त्या दुपारी बसकाका आले. टिकलीच्या शाळेची बस तेच चालवत. गणवेश तयार व्हायचा होता, म्हणून बाकावर बसले आणि फोनमध्ये डोकं घातलं.

"आज चालत आलात?" वडिलांनी विचारलं. "स्कूटर कुठाय?"

"विकली. पोट सुटत चाललंय, म्हटलं चाललेलं बरं." बसकाका हसले, पण मान काही वर केली नाही.

"आणि आईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन?"

"आज भरायचे होते पैसे. उद्या भरतो." त्यांचा अंगठा फोनवर अधांतरी थांबला. "एकदमच भरतो. वर चष्म्याचेही निघतील."

अंगठा खाली आला. टिकलीच्या हातातला फोन थरथरला.

तिने मेसेज वाचला. खात्यात चाळीस हजार जमा. खाली पाठवणाऱ्याचं नाव. ते तिने दोनदा वाचलं. मग बसकाकांच्या गणवेशावरून काढून मांडीवर ठेवलेली पितळी पट्टी उचलून पाहिली. तीच अक्षरं, आडनावासकट.

बसकाकांना कळायला मात्र मार्ग नव्हता. पैसे घेणाऱ्याचं नाव त्यांच्या फोनवर उमटलं असेल. पण तिथे दर वेळी नवंच नाव यायचं, आणि या दुकानाच्या मालकाला तर ते इतकी वर्षं नुसतं "इस्त्रीवाले" म्हणत आले होते. त्यांच्या लेखी पैसे समुद्रापलीकडे निघाले होते. खरं तर ते बाकापासून जेमतेम चार पावलं सरकले होते.

"पोचले नाहीत अजून," बसकाका स्वतःशीच पुटपुटले. "लांब जायचंय ना."

तेवढ्यात मामाचा फोन आला.

"टिकले, नंबर आला असेल बघ. सांग पटकन."

आला होता. सहा आकडे, पाच मिनिटं चालणारे.

टिकलीने आवाज बारीक केला. "मामा, नंबर सांगितला की पैसे कुठे जातात?"

"पुढे."

"परत येतात?"

"एखाद्याचे येतात. तुला काय करायच्यात चौकशा? आकडे सांग, बाई माझी. आज रंगपेटी आणतो तुला."

"आणि नाही सांगितले तर?"

मामाने आवाज खाली आणला. मग म्हणाला, "तर ते लोक माझ्या मानगुटीवर बसतील. आणि तुमची ती नवी इस्त्री आधी उचलून नेतील. पुरे झाली चेष्टा. तीन मिनिटं राहिलीत."

वडील बसकाकांच्या शर्टाच्या बाहीवर पाणी शिंपडत होते. "अगं, सांगून टाक की," ते मान वर न करता म्हणाले. "किती खोळंबवशील त्याला?"

टिकलीने इस्त्रीकडे पाहिलं. तिच्या दांड्याला अजून दुकानातलं लेबल चिकटलेलं होतं. वडिलांनी ते मुद्दामच काढलं नव्हतं. बाही झाली. शर्टाची घडी झाली. वडिलांनी तो सवयीने तिच्यापुढे सरकवला.

तिने खिशावर पट्टी लावली. सरळ बसली का ते पाहिलं.

"टिकले? अगं, ऐकतेस ना?" फोनमधून मामा ओरडत होता.

ती स्टुलावरून उतरली. शर्ट घेऊन बाकापाशी गेली, तो बसकाकांच्या मांडीवर ठेवला आणि त्यावर फोन ठेवला. ते सहा आकडे तिने तोंडातून काढलेही नाहीत. पट्टीवर एक बोट टेकवून, वाफेपलीकडे वडिलांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, तिने पैसे जमा झाल्याचा आधीचा मेसेज वाचायला सुरुवात केली, नावासकट.