हाक तोंडानं मारायची

बॅटरीवर चालणारी करवत घरात आल्यावर कुणाचा किती फायदा झाला, हे मांडायला बसलं तर जमेची बाजू सगळी बायकोच्याच नावावर निघत होती. पेट्रोलचा वास गेला. धुरानं काळवंडलेले सदरे घासणं गेलं. मुख्य म्हणजे कानठळ्या गेल्या. तिची अर्धशिशी दुपारी उठायची, आणि नवऱ्याला लाकडं कापायचा हुरूपही नेमका दुपारीच यायचा. आज ती ओला रुमाल कपाळावर टाकून, खिडकी लावून पडली होती, आणि परसातून येत होती ती फक्त डासाएवढी घूंघूं.

नवरा जन्मभर ट्रक चालवून घरी बसलेला. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याचा तोंडापेक्षा हॉर्नवर भरवसा जास्त. ट्रक सुटला तेव्हा तिला वाटलं, हॉर्नही सुटला. तर यानं पेट्रोलच्या करवतीचाच हॉर्न करून टाकला. काम थांबलं की बोट तीनदा दाबायचं. घर्र, घर्र, घर्र. म्हणजे चहा टाक. अख्ख्या गल्लीला कळायचं, यांच्याकडे आधण चढलं. शेजारचा सुतार तर त्या आवाजावर आपला रंधा खाली ठेवायचा.

म्हणून नवी करवत खोक्यातून बाहेर निघाली त्याच दिवशी तिनं अट घातली होती.

"अहो, नीट ऐका. चहा हवा तर आत यायचं, नाहीतर हाक तोंडानं मारायची. मशीनच्या हाकेला मी उठणार नाही."

"अगं, पण तोंडानं मारलेली तुला ऐकू येते का?"

"लग्न झाल्यापासून मारलीत कधी? मारून तर बघा."

तो हसला होता आणि चक्क सुधारला होता. भुसा भरलेल्या पायांनी दारात येऊन उभा राहायचा. "बाईसाहेब, अर्धा कप मिळेल का?" फरशी पुसताना ती करवादायची, पण मनातून खूश असायची. एवढी वर्षं भोंग्याबरोबर संसार केल्यावर माणूस मिळाला होता.

आणि आता, रुमाल जरा कुठे गार लागत होता, तोच परसातून आलं: घूं, घूं, घूं.

तिनं डोळे उघडले. रुमाल उलटा करून पुन्हा कपाळावर टाकला. जरा वेळानं पुन्हा तेच. घूं, घूं, घूं.

जित्याची खोड, ती पुटपुटली, आणि म्हणीचा उरलेला अर्धा भाग तसाच सोडून कुशीवर वळली.

मशीन थांबेना. तीनदा वाजायचं, दम घ्यायचं, परत तीनदा. एकदा तर तिनं पाय खाली सोडून चप्पल चाचपली. पण मग विचार आला: आज उठले की संपलं. उद्यापासून पुन्हा गल्लीभर वरात. शब्द एकदा मोडला की त्याला घरात कोण विचारतं? तिनं पाय वर घेतले. मशीन आर्जवं करत राहिलं. अर्धवट झोपेत तिला हसूही आलं. म्हातारा हट्टाला पेटलाय. पेटू दे.

मग आवाज एकदम तुटला. हरला, ती मनात म्हणाली, आणि बऱ्याच दिवसांनी तिला गाढ झोप लागली.

उठली तेव्हा उन्हं भिंतीवरून उतरली होती आणि डोकं कापसासारखं हलकं झालं होतं. जिंकलेल्या माणसाला उदार व्हायला काय जातं? तिनं न मागता चहा टाकला, आलं जरा जास्तच किसलं, दोन कप भरले, त्याच्या कपावर बशी झाकली. खिडकी उघडली.

"अहो, या आता! बघा, मी तोंडानं हाक मारतेय!"

उत्तर आलं नाही. तिनं कप उचलला आणि परसात गेली.

लाकडांची रास ढासळली होती. ट्रक उतारावर लावताना चाकाखाली दगड सारायला कधी न विसरलेल्या माणसानं रास मात्र तशीच रचली होती, आणि खालचा ओंडका ओढून काढला होता. वरचा ओंडका त्याच्या छातीवर आडवा बसला होता. हाक मारायला जेवढा श्वास लागतो, तेवढ्याला ओंडक्यानं जागाच ठेवली नव्हती. उजवा हात तेवढा मोकळा होता. करवत त्याच हातात होती.

तिच्या किंकाळीवर सुतार कुंपण ओलांडून आला. त्यानं ओंडका ढकलला, मानेला बोटं लावून पाहिली आणि हात मागे घेतला. मग हाताला चाळा हवा म्हणून म्हणा, किंवा तिच्याकडे बघवेना म्हणून, त्यानं ती करवत उचलून बोट दाबलं. मशीन फिरेना.

"वहिनी, बॅटरी चार्ज केलेली नव्हती का?"

"मीच लावली होती. सकाळी काढली तेव्हा भरलेली होती."

त्यानं बॅटरीवरचं बटण दाबून पाहिलं. एकही दिवा लागला नाही. त्यानं जमिनीवर पाहिलं. कापलेले तुकडे दोनच होते.

"साखळी तर पट्टीवरून उतरलीय," तो गोंधळून म्हणाला. "नुसती मोटर फिरत असणार. लाकूड कापलंच जात नव्हतं, तर बॅटरी संपेपर्यंत मशीन चालवलं कशाला?"

तिच्या हातातला कप अजून गरम होता.

"चहासाठी," ती म्हणाली.