ब जिन्याची तार

ज्याची तार कापायची, त्याच्या समोरच ती कापायची, असा इमारतीचा नियम होता. म्हणून गालिनाला बोलावणं गेलं. ती घरातल्या चपलांवरच आली आणि टिटूच्या कोठीच्या खोलीत, कोबीच्या लोणच्याच्या बरण्यांना धक्का लागणार नाही अशा बेताने अंग चोरून उभी राहिली.

कोठीच्या फळीवर मशीन होतं. गलात्स या बंदराच्या शहरातल्या इमारतीचं सगळं इंटरनेट त्यातून वाटलं जायचं. बंदरातून निवृत्त झाल्यावर टिटूने हे काम हौसेने अंगावर घेतलेलं. लहानथोर त्याला 'नेआ टिटू' म्हणत, थोरल्या भावाला हाक मारावी तसं. पण दोन महिन्यांपासून संध्याकाळ झाली की इंटरनेट रांगायला लागे आणि त्या हाकेतला गोडवा पार आटला होता.

"उगाच वेळ काढू नका, नेआ टिटू," दाराला टेकून सूर्यफुलाच्या बिया फोडणाऱ्या ओलिंपियाबाई म्हणाल्या. त्या इमारतीच्या अध्यक्ष. "या बाई राहायला आल्या आणि नेट गेलं. शेंबड्या पोरालाही कळेल हे."

"आधी दाखवा तरी," गालिना म्हणाली. तिचे उच्चार प्रूत नदीपलीकडचे, मोल्दोव्हाचे. "माझा नवरा इटलीत फरश्या बसवतो. फोन आम्हाला परवडत नाही. संध्याकाळी तासभर टाईप करून बोलतो, तेवढाच काय तो संसार. टाईप केल्याने अख्ख्या इमारतीचं नेट बसतं होय?"

टिटूने तारांवर कान ठेवणारा प्रोग्राम उघडला. त्याची नवी आवृत्ती त्याने सकाळीच टाकली होती, आणि ती जुनी निवड साफ विसरली होती. कुठल्या तारेवर कान ठेवू, असं विचारत तिने सगळी नावं एकाखाली एक मांडली.

"ही कसली नावं?" गालिनाने विचारलं.

"मशीनला जितक्या तारा, तितकी नावं. हा अ जिना. हा ब, म्हणजे तुम्ही. तिकडे बाकी सगळी म्हातारी मंडळी, नेट तुमच्या एकटीकडेच. हा क. हे आमचं घर. आणि हे शेवटचं सोडून द्या, त्यात मशीन स्वतःशीच बडबडत असतं."

"आमच्या ह्यांच्यासारखं," ओलिंपियाबाई म्हणाल्या.

"आणि कान ठेवल्यावर काय ऐकू येतं?"

"कोण किती ओढतंय, तेवढंच," टिटू म्हणाला. हे काही सगळं खरं नव्हतं. टाईप केलेलं बोलणं तारेवरून पोस्टकार्डासारखं उघडंच जायचं, आणि रिकाम्या माणसाचा डोळा कुठे जाऊ नये तिथे जातोच. त्याने सवयीने ब जिन्यापुढे खूण केली.

"थांबा," गालिना म्हणाली. "बाकीच्यांपुढे नाही करायची?"

"तशी कधी वेळच आली नाही."

"म्हणजे दोन महिने तुम्ही माझ्याच तारेला कान लावून बसलात? मग दुसऱ्या कुणाचा आवाज येणार तरी कसा?"

टिटूचा हात जागच्या जागी राहिला. त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. नवी माणसं आली, संशय तिकडे गेला, मागोमाग खूणही गेली. आणि पडद्यावर एकटीच रेघ असल्यावर तीच मोठी दिसे. पुन्हा ही नावं उघडून पाहावीत, असं त्याला एकदाही वाटलं नाही.  त्याने एकूण एक नावापुढे खूण केली.

पडद्यावर रेघा हलायला लागल्या. अ आणि क जिन्यांच्या बेताच्या होत्या. ब जिन्याची रेघ अगदीच मरतुकडी. आणि टिटूच्या स्वतःच्या घराची रेघ वरपर्यंत जाऊन तिथेच ठाण मांडून बसली.

"टिटू!" आतून त्याची बायको अउरिका ओरडली. "भाच्याने लावून दिलंय त्याला हात लावू नकोस हं! माझी मालिका नेटवरून उतरतेय!"

ओलिंपियाबाईंच्या दातात बी तशीच राहिली. मग त्या हळूच म्हणाल्या, "असू दे. हे आपल्या तिघांतच राहू दे. अउरिकाला सांगा, सकाळी लावत जा म्हणावं."

"नियम तो नियम. जो ओढेल त्याची तार कापायची," टिटू म्हणाला. त्याने पक्कड उचलली आणि आपल्या घरात जाणारी तार कट्‌कन तोडली. आतून अउरिकाने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू केला.

टिटूला एकदम हलकं वाटलं. कितीतरी दिवसांनी आपण काहीतरी सरळ वागलो, असं वाटून त्याला स्वतःचं कौतुकही वाटलं. त्याच भरात तो गालिनाकडे वळला.

"चूक झाली, बाई. माफ करा. तुमची तार आहे तशी राहील. रोज पोटभर बोला. आणि यजमानांची काळजी नका करू. मनगटच आहे, जुळून येतं. प्लास्टर निघालं की तो मुकादम परत कामावर घेईल त्यांना."

"अगं बाई, प्लास्टर?" ओलिंपियाबाई पुढे सरकल्या. "कधी पडले? बोलली नाहीस ती!"

गालिनाने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"मी हे इथे कुणालाच सांगितलं नव्हतं," ती म्हणाली.

टिटूला आपण काय बोलून बसलो ते कळलं.  ओलिंपियाबाई एकदा त्याच्याकडे, एकदा पडद्याकडे बघत राहिल्या. 

गालिनाने त्या मरतुकड्या रेघेकडे पाहिलं. मग तिने शांतपणे शाल खांद्यावर ओढून घेतली.

"पक्कड हातात आहेच तुमच्या, नेआ टिटू," ती म्हणाली. "माझीही कापा."