हे कोण नेतं?

"हे कोण नेतं?" आनंदीबाईंनी पुस्तक टेबलावर ठेवत विचारलं.

सुरुचीनं नाव वाचलं. ग्रहताऱ्यांची जुनी कोष्टकं. "कोणी नाही, बाई. काढूया."

"नाव काय वाचतेस? बारशाला नाही आलो आपण. माणूस सांग."

सदाशिव पेठेतल्या वाचनालयाची इमारत पाडायला निघाली होती. कोथरूडला एका सोसायटीत खोली मिळाली होती, पण निम्मीच. म्हणजे निम्मी पुस्तकं रद्दीत जाणार, आणि कुठली ते सुरुचीनं आनंदीबाईंकडून शिकून घ्यायचं. बाई महिनाअखेर निवृत्त होत होत्या.

"निवड चोख झाली तर तुम्ही कायम," अध्यक्ष रावसाहेबांनी सुरुचीला बजावलं होतं. "दहा वर्षांत कोणी न नेलेलं एक जरी पुस्तक नव्या जागेत दिसलं, तर तुमची खुर्ची दुसऱ्याला." ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन सुरुची आजवर नुसत्या हंगामी नोकऱ्या करत आली होती. ही तिला हातची घालवायची नव्हती.

"हे एक गृहस्थ नेतात," बाई कोष्टकांवरची धूळ झटकत म्हणाल्या. "कानात यंत्र, खिशाला दोन पेनं. भिंग स्वतःचं आणतात. आपल्यालाच दटावतात, हळू बोला म्हणून. ठेव."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गृहस्थ दारात उभे. कानात यंत्र, खिशाला दोन पेनं. कपाट कुठलं ते त्यांना आठवेना, सुरुचीनं दाखवलं. कार्डही नव्हतं, नवीन करून दिलं. वय झालं की हरवतातच कार्डं.

"हळू बोला," ते म्हणाले. "ऐकू येतं मला."

सुरुचीला हसू आवरेना. पण त्याहून जास्त नवल वाटत होतं. कोणाच्या खिशाला किती पेनं हेही बाईंच्या ध्यानात. मग लोणच्यांच्या पुस्तकासाठी दातांना तारा लावलेली मुलगी आली, तबल्याच्या पुस्तकासाठी बँकेतले साहेब आले. सगळे बाईंनी सांगितले तस्से. कॉलेजात पुस्तकनिवडीची सूत्रं घोकली होती, त्यात हे कुठंच नव्हतं. सुरुची आता बाईंकडे देवळात बघावं तसं बघायची.

"बाई, तुम्हाला एवढी माणसं लक्षात राहतात कशी?"

"जागा राखायची असली की माणूस डोळ्यांपुढं येतो," बाई म्हणाल्या. "चहा निवतोय तुझा."

मग एक दिवस विहिरींचं पुस्तक निघालं. जाडजूड, दगडी विहिरींच्या बांधणीचं, आत आकृत्या.

"ही कात्रजच्या पुढची बाई," आनंदीबाई म्हणाल्या. "तांबडं हेल्मेट. काढत नाही डोक्यावरून, लगेच निघायचंय म्हणते आणि मग तासभर बसते. आधी माठातलं पाणी पिते, मग पुस्तक मागते. घरची विहीर बुजवायला निघालेत, तिला ती राखायचीय. ठेव."

सुरुचीनं सहज मागचं पान उघडलं. तारखांचा कागद कोरा होता. एकही शिक्का नाही.

"बाई, हे तर कधी गेलेलंच नाही."

"असेल."

"मग ती नेते म्हणता ते?"

"ठेव म्हटलं ना. पुढं तुझी मर्जी." एवढं बोलून बाईंनी पुढचं पुस्तक ओढलं.

सुरुचीच्या मनात पाल चुकचुकली. बाईंचा पुस्तकांवर जीव, हे काही गुपित नव्हतं. एखादं वाचवायला त्या चार शब्द रचूनही सांगत असतील. तिला वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला. बाईंचं काय, त्या सुटल्या. रावसाहेबांपुढं उभं तिला राहायचं होतं.

महिना संपला. आनंदीबाई लेकीकडे बेळगावला गेल्या. जाताना फक्त म्हणाल्या, "माठ न्यायला विसरू नकोस." सुरुचीनं मान डोलावली. त्याच आठवड्यात तिनं विहिरींचं पुस्तक रद्दीच्या गठ्ठ्यात टाकलं आणि वर चार पुस्तकं ठेवली, म्हणजे ते दिसायला नको. गठ्ठा संध्याकाळी गेला.

कोथरूडच्या खोलीत रावसाहेबांनी कपाटं उघडून पाहिली. हाताला येईल त्या पुस्तकाचं मागचं पान बघितलं. कुठं खोट निघेना. "पुण्यात चूक काढता आली नाही, म्हणजे काम बरं झालं म्हणायचं," ते म्हणाले आणि कायम केल्याच्या पत्रावर सही केली. सुरुचीनं पेढे वाटले. बाईंना फोन करावा असं मनात आलं, पण केला नाही.

वाचनालय उघडलं त्या सकाळी ती टेबलाशी बसून नव्या रबरी शिक्क्याची तारीख फिरवत होती. बाहेर स्कूटर थांबली. एक बाई घाईघाईनं आत आली आणि सरळ माठाशी गेली. पेलाभर पाणी प्यायली, दुसरा भरला. डोक्यावर तांबडं हेल्मेट होतं, पट्टा हनुवटीखाली लोंबत होता.

सुरुचीच्या हातातला शिक्का टेबलावर पडला. आनंदीबाई खोटं बोलल्या नव्हत्या. अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि आपण त्यांच्यावर संशय घेतला. तिला लाज अशी वाटली की मान वर होईना.

"विहिरींच्या बांधणीवरचं काय हाय का तुमच्याकडं?" बाईनं विचारलं. "जरा लवकर बघा, मला निघायचंय. घरची विहीर बुजवाया निघालेत."

"माफ करा हो," सुरुची उठून उभी राहिली. "माझीच चूक झाली. तुमचं ते नेहमीचं पुस्तक मी काढून टाकलं."

बाईनं पेला खाली ठेवला आणि तिच्याकडे नवलानं बघितलं.

"न्हेमीचं कसलं, ताई? मी कुठल्या वाचनालयात आजच पयल्यांदा पाय ठिवला."