कड्यावरचा फळा

समुद्रकड्यावर चढाई शिकवणाऱ्या बाईंचा शिरस्ता ठरलेला. रोज सकाळी भरतीचं वेळापत्रक पाहायचं आणि मग वीस मिनिटं नुसतं लाटांकडे बघत बसायचं. कारण दहा लाटा गरीब गाईसारख्या येतात आणि अकरावी पायथ्याचा अख्खा खडक धुऊन काढते. गेल्या महिन्यात अशाच एका लाटेनं त्यांच्या विद्यार्थ्याचा पाय मोडला. तेव्हापासून बाईंनी खाली उतरणाऱ्या वाटेच्या तोंडाशीच फळा लावला होता. आज त्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, 'दुपारी दोन ते चार खाली उतरू नये. लाट खडकावरून जाते. जिवाला धोका.'

पावणेदोनला शेवटचा दोर गुंडाळून, सगळ्या विद्यार्थ्यांना घेऊन बाई वर आल्या, तर फळ्यापाशी ही गर्दी! कुणी मोबाइल सरसावलेला, कुणी घडीची खुर्ची काखेत मारलेली. सगळ्यांत पुढे एक गृहस्थ, खांद्यावर चार वर्षांची लेक घेऊन खाली उतरायच्या बेतात.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाट अडवून त्या ओरडल्या, "अहो, डोळे आहेत की बटणं? फळा वाचला नाहीत?"

"वाचला ना! म्हणून तर जेवणं आटोपून वेळेवर आलो."

बाईंनी कपाळावर हात मारला. गृहस्थांनी मात्र लेकीला सावरत आवाज चढवला.



"पण मॅडम, काल तुमची लाट वीस मिनिटं उशिरा आली. वेळ जरा नीट बघून लिहीत जा, पोरं कंटाळतात!"