कुंपणाबाहेरचा आवाज

“खाली वाक, गेथिन, अजून खाली.” बाबांचा तो आवाज अजून कानात आहे. माझ्या शाळेचे रग्बीचे सामने गावच्या क्लबच्या मैदानावर व्हायचे. खाणीतून सुटले की बाबा यायचे, पण धुकं असो की पाऊस, कुंपणाबाहेरच्या टेकाडावरच उभे राहायचे. डोंगरापलीकडच्या शाळेची पोरं मला डिवचायची, “काय रे, बापाला तुझी लाज वाटते का? आत का येत नाही?” मी त्यांना चिखलात लोळवायचो. बाबांना मात्र कधी विचारलं नाही, कारण मलाही तसंच वाटायचं.

शाळेच्या शेवटच्या वर्षी आम्ही त्याच पोरांना हरवलं. त्या संध्याकाळी उत्तर इंग्लंडहून एक माणूस घरी आला. आमचं युनियन रग्बी पंधरा जणांचं, मानाचं आणि बिनपैशाचं. त्याचं लीग रग्बी तेरा जणांचं, पगारी. त्यानं करार टेबलावर ठेवला. मी पेन उचललं, तसं बाबांनी माझं मनगट धरलं.

“मीही गेलो होतो,” ते म्हणाले. “तुझ्याएवढा होतो. लीगचा एकच सामना खेळलो, चाचणीचा, तोही खोट्या नावानं. तरी कुणीतरी ओळखलंच. तेव्हापासून क्लबच्या फाटकाच्या आत मला जन्माची बंदी आहे. लीग खेळलेल्या प्रत्येकाला असते.”

मग त्यांनी मनगट सोडलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.

“कर सही. गावी आलास की टेकाडावर ये. दोघांपुरती जागा आहे तिथं.”