निशाचा ठिपका

निशा फोन उचलत नव्हती. ॲपच्या नकाशावरचा तिचा ठिपका मात्र मेलबर्नमधल्या तिच्या खोलीवरच होता. जराही हलत नव्हता.

"झोपली असेल," सासूबाई मटार सोलत म्हणाल्या. "ठिपका खोलीवर आहे ना? मग झालं तर."

स्पृहाला ते पटेना. बाथरूममध्ये घसरून पडली असेल तर? सोनूला दूध पाजता पाजता तिनं पुन्हा फोन लावला. पुन्हा नुसती रिंग.

निशा, तिची नणंद, शिकायला निघाली तेव्हा सासऱ्यांची एकच अट होती. अंधार पडायच्या आत खोलीवर. नाहीतर शिक्षण बंद, सरळ पुण्याला परत. लक्ष ठेवायला ॲप घेतलं गेलं आणि ते काम आलं सुनेकडे. कर्वेनगरात बसून रोज मेलबर्नची हजेरी घ्यायची. स्पृहाचा नवरा आमोद जर्मनीत शिकत होता, तेव्हा याच घरातून त्याला फक्त "जेवलास का?" एवढंच विचारलं जायचं. स्पृहा मनात चरफडायची. आणि रोज ॲप उघडायची.

शेवटी फोन उचलला गेला. पलीकडे निशाची रूममेट, शेफाली. "ती बाहेर गेलीये, वहिनी. संध्याकाळी तिचा फोन इथंच असतो. रोजच."

स्पृहा गॅलरीत गेली. दार ओढून घेतलं. निशाचा उलटा फोन येईपर्यंत ती तिथंच उभी राहिली.

"कुठं होतीस?"

"कुठं नाही गं. नदीकाठानं चालून आले."

"कुणाबरोबर?"

"एकटीच. मस्त वाटतं."

"मस्त? अंधारात, एकटी, फोनशिवाय? काही झालं असतं तर कुणाला कळवलं असतंस? अक्कल गहाण ठेवलीस का?"



"फोन नेला की मी दिसते, वहिनी."

स्पृहाचा राग तोंडातच राहिला. तो आता कुणावर काढायचा, तेच कळेना.

"उद्यापासून फोन घेऊन जा," ती म्हणाली. फोन ठेवला आणि ॲप उघडलं. ॲपवरचा घरच्यांचा ग्रुप तिनंच बनवला होता. निशाच्या नावावर बोट ठेवलं. नक्की काढायचं का, असं ॲपनं विचारलं. तिनं 'हो' दाबलं.

आत सासूबाई चष्मा सावरत स्वतःच्या फोनमध्ये बघत होत्या.

"अगं, हा ठिपका कुठं गेला?"

"मी काढला, आई."

"काढलास? का?"

"तिची काळजी वाटते म्हणून."